तेवीस सेकंद

बोर्ड उघडला तर आत न्यूट्रल नाही.
इमारत एकोणऐंशी सालची. तेव्हा बटणापाशी
नुसती फेज आणायचे,
परतीची तार परस्पर छतातून न्यायचे.
म्हटलं, काका, इथे वीज येते खरी,
पण या डब्याला परत पाठवायला वाट नाही.
त्रिलोकेकर म्हणाले, चहा घे, वाट सापडेल.

कार्डावर माझ्या लिहिलंय : नमिता तांडेल, वायरमन.
वायरवुमन म्हणायला कुणाची जीभ वळत नाही,
माझीही नाही.

माहीम, चौथा मजला, पश्चिमेची गॅलरी.
खारा वारा ग्रिल खातो, म्हणून गेल्या दिवाळीत
यांनी मोटरचं शटर बसवलं. आता त्याच्यामागे
काड्यापेटीएवढं मॉड्यूल घालायचं,
म्हणजे शटर फोनशी बोलेल, बोललेलं ऐकेल.

मेन बंद. टेस्टर लावला, पुन्हा लावला
(माझा उस्ताद एकदाच लावायचा,
त्याच्या अंगठ्याला नख नव्हतं).
पंख्याच्या डब्यातून ओढतार सरकवली,
पाइपात कुठेतरी सिमेंटचा गोळा;
अर्धा तास मी आणि तो गोळा.
शेवटी निळी तार खाली आली
भिंतीची पांढरी भुकटी अंगाला लावून.

मोटरची तपकिरी वर नेणारी, काळी खाली आणणारी.
दोघींना एकदम वीज द्यायची नाही कधी,
मोटर जळते.
मॉड्यूलला हे कळतं. एकीचा हात सोडून
जरा थांबतं, मगच दुसरीचा धरतं.
आमच्या घरी हे कुणाला जमलेलं नाही.

मग शिकवणी. शटर एकदा वर, एकदा खाली, पुन्हा वर.
काकांना सांगत होते, याला डोळे नसतात हो,
शटर कुठे पोचलं ते याला दिसत नाही,
नुसते सेकंद मोजतं, त्यावरून
आणि बोलता बोलता जीभ चावली.
साखरेने त्यांची नजर नेली त्याला सहा वर्षं झाली.

ते मोजतच होते. तेवीस, म्हणाले, फोनच्या आधी.
उतरताना एकवीस. वजन मदत करतं ना उतरताना.
आणि सातव्या सेकंदाला खरखर होते, बघ,
डाव्या बाजूला.
पाहिलं. अकरावी पट्टी, कडेला गंज,
नखाएवढी वाकलेली.
वर्षभर रोज दोनदा लोक ते शटर बघत होते.

मी विचारायला नको होतं, तरी विचारलं :
काका, तुम्हाला उघडं काय, बंद काय?
त्यांनी खुर्चीकडे हात केला.
तीन वाजता ऊन इथे येतं, पायाच्या बोटांवर.
चारला गुडघ्यावर हवं. साडेपाचला मांडीत बसतं,
आणि मग उठून जातं, न सांगता.
रोज वंदनाला हाक मारायची, जरा वर कर, जरा खाली,
तिचे हात भाकरीच्या पिठात.

फोनने विचारलं, किती टक्के?
म्हटलं, चाळीस ठेवू?
म्हणजे किती सेकंद?
नऊ, सव्वानऊ.
मग सव्वानऊच म्हण. टक्के बँकेत असतात.

आणि वीज गेली तर? विसरतं?
होतं कुठे ते विसरू शकतं, म्हटलं.
मग खालपर्यंत जाऊन पुन्हा पहिल्यापासून.
पण मोजायचं कसं ते विसरत नाही.
ते काही बोलले नाहीत. बशी पुसली रुमालाने,
टेबलाच्या कडेपासून चार बोटं आत ठेवली.

चारला दहा कमी. शटर उठलं,
सातव्या सेकंदाला खरखरलं नाही
(पट्टी मी पकडीने सरळ केली, ती बिलात नाही),
सव्वानऊला थांबलं.
ऊन लादीवरून आलं,
पायजम्याच्या घडीपाशी अडखळलं, चढलं.
त्यांनी गुडघ्यावर तळहात ठेवला,
दारात कुणी आलं की ठेवतात तसा नव्हे,
आलेलं माणूस बसलं की ठेवतात तसा.

मी पिशवी आवरली. हातात एक स्क्रू उरला.
बोर्ड घट्ट, डबा घट्ट, शटर घट्ट.
तो कुठला, अजून कळलेलं नाही.