प्रोग्राम नंबर चार

काचेच्या खोलीत बसवलं त्यांना, हातात बटण दिलं.
म्हटलं, बारीक शिट्टी आली की दाबा.
पुंजाजी वडनेरे, वय एकोणऐंशी,
शिट्टीची वाट बघत बसले
फाट्यावर एसटीची बघतात तशी.

कागदावर रेघ उतरत गेली,
चार हजारांपाशी थेट दरीत.
ही दरी मला ओळखीची आहे,
सातपूरच्या कारखान्यांतले कितीतरी कान तपासलेत मी.
पण इतकी खोल नव्हती पाहिली.
साठ वर्षं तांब्यावर हातोडा.
प्रत्येक ठोक्यानं हंड्यावर एक चांदणी उठवली
आणि आत, कानात, एक विझवली.

मशीन महागातलं होतं. लेकानं दुबईहून पैसे धाडलेले.

तिसऱ्या दिवशी डबी माझ्या टेबलावर.
"यात एक बाई आहे. इंग्रजी बोलते.
दुपारची येते, काहीतरी सांगून जाते,
आणि मग सगळं बंद."
सेल संपत आल्याची सूचना होती ती.
"बरं, ती असू दे. ठोका कुठंय?"
कसला ठोका?
"पुतण्या समोर मठारतोय. हात वर जातो, खाली येतो, दिसतं मला.
ऐकू येतं ते उशी बडवल्यासारखं."

मी पडद्यावर पाहिलं.
कुठल्याशा बर्फाळ गावात बसून कंपनीनं ठरवलं होतं,
अचानक, टणक, पुन्हा पुन्हा येतं तो गोंगाट.
गोंगाट दाबावा. रुग्णास आराम.
त्या चौकटीत खूण आधीपासूनच होती.
मी फक्त 'पुढे' दाबलं होतं.

रविवारी लॅपटॉप घेऊन तांबट आळीत गेले.
चिंचेच्या पाण्याचा आंबूस वास, बसायला पालथी घागर.
हेमराज ठोकत राहिला, मी एकेक खूण काढत गेले,
सांभाळून, उरलेला कान जपायचाच होता:
वरचं टोक घासून टाकलं, मधला नाद ठेवला.
प्रोग्राम एक घराचा, दोन देवळाचा, तीन बाजाराचा.
चौथ्याला कंपनीकडे नाव नव्हतं.

पुंजाजी डोळे मिटून बसलेले. एकदम म्हणाले,
"थांब. तळाचा डाग कच्चा राहिलाय."
"नाही हो काका."
"पाणी भर."
भरलं.
बराच वेळ काही नाही. मग शहाबादी फरशीवर
एक थेंब. त्याच्या शेजारी दुसरा.
हेमराज माझ्याकडे असा बघत होता
जणू भोक मी पाडलं.

राहिली ती इंग्रजी बाई.
सूचना घरच्या आवाजात भरता येते, मी ठकूबाईंना सांगितलं,
त्यांचं नाव घ्या आणि म्हणा, सेल बदला.
"नाव?" त्यांनी पदर तोंडाला लावला.
बावन्न वर्षांत उखाण्याबाहेर घेतलं नव्हतं.
मग हाक कशी मारता?
"ऐकलं का, म्हणायची."
म्हणायची?
"मोठ्यानं म्हणून पाहिलं. आळीला ऐकू जायचं, यांना नाही.
मग दंडाला हात लावायला लागले."

तीनदा भरलं. पहिल्यांदा पुटपुटल्या,
दुसऱ्यांदा शेजारचा कुकर मध्ये आला.
तिसऱ्यांदा खिडकीकडे तोंड करून,
सेल नाही, बदला नाही, एवढंच:
ऐकलं का.

महिन्यानं तपासणीला आले दोघं.
ठकूबाईंची तक्रार, सेल वेळेवर बदलत नाहीत.
मशीन दर पाव तासानं आठवण देतं, चार वेळा, मग मिटतं.
हे चारही वेळा ऐकतात.
सेल खिशातच असतो.

फॉर्मवर रकाना आहे: सूचनांकडे दुर्लक्ष, होय किंवा नाही.
पेन धरून मी त्यांच्याकडे पाहिलं.
ते माझ्या टेबलावरचा पितळी पेनस्टँड
नखानं वाजवून बघत होते.
"मशीनचं काम आहे," म्हणाले, "हाताचं नाही."