दोरीचं वरचं टोक

श्वेत समुद्रावर आम्ही भोक त्रिकोणी पाडतो, गोल नाही.
कोपऱ्यात दोन्ही कोपरं टेकवून माणूस वर येतो,
गोलात नुसता फिरत राहतो.
हे मला बापानं शिकवलं नाही. तो नवागा मासे धरायचा,
त्याच्या भोकातून कुणी परत यायचं नव्हतं.

भोकापासून चहूकडे मी हिम झाडून रेघा काढल्यात,
खालून त्या उजेडाच्या वाटा दिसतात म्हणे.
मी कधी खाली गेलेले नाही.
मी ग्लाफिरा, वरचं टोक धरणारी.

हवा उणे बावीस, पाणी उणे दीड.
"खालीच ऊब आहे, मावशी," तिमोफेय म्हणतो.
मी दटावते: नळी तोंडात धर,
पण डोकं पाण्याखाली जाईपर्यंत श्वास घेऊ नकोस.
तुझ्याच वाफेचा बर्फ होतो झडपेत,
मग हवा थांबत नाही,
अर्ध्या तासाचं आयुष्य धो धो वाहून जातं.

एक हिसका: ठीक आहेस ना?
एक हिसका: ठीक.
चार: ओढ.
बाकी आमच्यात शब्द नाहीत.

तंबूत साव्वाती पोशाख चढवून तयार बसलाय, चहा न घेता.
राखीव माणसाला चहा परवडत नाही,
त्या पोशाखातून लघवीला जाता येत नाही.

अकराव्या मिनिटाला मी विचारते: एक.
उत्तर येतं दीड.

दीड म्हणजे काय?

झाडलेल्या रेघेत बर्फाची काच आहे,
माझ्या बुटांखालून त्याचा श्वास चालत जातो,
पाऱ्याचे चपटे थेंब, एकात एक मिसळत.
लोंढा नाही. संथ आहेत.
तरी चार हिसके मीच देते
आणि ओढू लागते. दोरी गोठून काठी झालेली,
हातमोज्यात करकरते.

वर आला तेव्हा ओठ बधिर.
शिव्या द्यायच्या असाव्यात,
पण ओठांची अक्षरंच जमत नव्हती.
मनगटांवर कोमट पाणी ओतलं, मग म्हणाला,
"समुद्रदेवदूत होता. नखाएवढा, पंख हलवत.
बघत थांबलो. हात दोरीला नुसता लागला."

मी काही बोलले नाही.
दोरीची वेटोळी घालत राहिले.

रात्रीत बर्फ दोन बोटं वाढला.
सकाळी रेघेवर गुडघे टेकून पाहिलं:
त्याचे कालचे श्वास आत अडकलेले,
पांढऱ्या चकत्या, एकामागे एक,
आणि एका जागी पुष्कळ,
एकमेकींवर चढलेल्या.