सहा नळ्या

बाबाच्या ट्रंकेत, मोठ्या कात्रीखाली,
सहा वेळूच्या नळ्या होत्या
लोकरीच्या लाल दोऱ्याने आवळलेल्या.
साओ पावलोच्या त्या तळघरात
रविवारी दुपारी बाराही मशिनी झाकल्या की
तो त्या ओठांशी धरायचा.

फूं.
मग काहीच नाही.
फूं, फूं.
मग काहीच नाही.

मला वाटायचं, चाल अशीच असते.
जीन्सचा खिसा कसा,
तीन बाजू शिवायच्या, चौथी सोडायची,
नाहीतर हात कुठे घालणार माणूस?

त्या सोडलेल्या जागांत
काय काय येऊन बसायचं:
इस्त्रीचा फुत्कार,
चढावर दम लागलेली बस,
वरच्या मजल्यावर मालकाची सरकलेली खुर्ची,
आणि दुसऱ्या ओळीत, सहाव्या सुरानंतर,
आईचा खोकला. सुताच्या धुळीचा, कोरडा, दोनदा.
इतका नेमका यायचा तो तिथे
की मी बोटांवर मोजायचे.

एकदा कागद तपासायला माणसं आली.
बाबाने नळ्या ओठांवरून काढल्याच नाहीत,
फुंकलंही नाही.
त्या दिवशीची ती मोकळी जागा
दिवेलागणीपर्यंत लांबली.
मग त्याने पुढचा सूर वाजवला,
जणू मधे काहीच झालं नव्हतं.

आवडती चाल कोणती, कुणी विचारलं
तर मी हीच सांगायचे.
नाव काय? नाव नाही.
म्हणून दाखव. म्हणून दाखवायचे.
लोक म्हणायचे, मधेच का थांबतेस?

एकोणतिसाव्या वर्षी मी वर गेले,
तळ्याकाठी, बाबाच्या गावी.
बसचे तीन दिवस त्याच्या गुडघ्यांना सोसत नाहीत,
म्हणून त्याने नळ्या माझ्या पिशवीत घातल्या.
विरळ हवा. कपाळात घण.
तोमासाकाकूने कोकाच्या पानांचा चहा दिला
आणि नेमेसियोकाकाने कोनाड्यातून
सात नळ्या काढल्या.

"या सात, त्या सहा," तो म्हणाला.
"तुझा बाप पुढे जायचा, मी मागून उत्तर द्यायचो.
एकट्याला अख्खी चाल वाजवताच येत नाही, देल्फीना.
आमच्याकडे ती रीतच नाही."

संध्याकाळी अंगणात
शेजारच्या क्रिसांतोने बाबाच्या नळ्या घेतल्या.
सूर याच्याकडून त्याच्याकडे,
त्याच्याकडून याच्याकडे,
धोट्यासारखा पळत राहिला.
कुठेही भोक नाही. घट्ट विणलेलं कापड.
बायका नाचल्या, कुत्री भुंकली,
एक म्हातारा डोळे पुसत शेळ्यांकडे निघून गेला.

सुंदर होती. खोटं कशाला बोलू?
पण मला ती ओळखूच आली नाही.
लग्नात दूरच्या नात्यातली बाई
गालाला हात लावून म्हणते ना,
"अगं, मी तुला मांडीवर घेतलंय!"
तसं झालं.
आपण हसतो. आठवत काहीच नसतं.

काकूने विचारलं, बापाची आठवण आली?
मी मान हलवली.
फोनवर बाबाने विचारलं, कशी वाटली पुरी?
"छान," मी म्हणाले. "फार भरलेली आहे."
तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, "थंडी फार असेल. दोन घोंगड्या घे."

रात्री पत्र्यावर गारा पडून गेल्यावर
मी नळ्या घेतल्या.
पहिल्यांदा नुसती हवा निघाली,
मग एक घोगरा, थंडीने आखडलेला सूर.
दुसऱ्या ओळीत, सहाव्या सुरानंतर,
मी थांबले.
दोन खोकल्यांइतकी.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली,
ती जागा तेवढीच आहे.

भिंतीपलीकडून काकाने
पुढच्या फटीत एक सूर भरला, हळूच.
त्याच्या पुढच्या फटीत भरला नाही.
त्याला कळलं असेल.
किंवा झोप लागली असेल.