शीट क्रमांक एकतीस

एकोणसत्तर साली मी भांडुपची पंखा कंपनी काढली.
ट्रेसिंग क्लॉथवर, काळ्या शाईत,
छपराच्या चौदा समांतर रेघा.
साहेब म्हणाले, तेरा असतील.
उन्हात जाऊन मोजून आलो. चौदाच.

मागे नाल्यालगतच्या वस्तीला
सूचीत खूण नव्हती.
जागा कोरी सोडली.
त्या कोऱ्यात चाळक्यांची चूल,
वाइंडिंग खात्यातले चाळके,
तांब्याच्या तारेनं बोटं कायम चिरलेली.

त्र्याऐंशीत टाळं लागलं.
शीटवर काहीच झालं नाही.
चालू कारखान्याची रेघ आणि बंद कारखान्याची रेघ
सारख्याच जाडीची असते.
चाळके गेटवर बसायचे, मग कोपऱ्यावर,
मग कुठंच नाही.

पुढं कागद आला : औद्योगिक खोडा, निवासी लिहा.
अर्ध्या ब्लेडनं खरवडलं, दोन दिवस.
शाई निघते. पण कापड तिथं पातळ होतं,
नवी रेघ ओढली की पसरते.
टॉवरची पूर्वेची भिंत फुटलेलीच राहिली,
साहेबांनी सही केली तरी.

आता नकाशे पडद्यावर असतात. मी निवृत्त.
परवा चाळक्यांच्या मुलीकडे निघालो,
रिक्षात बसून नुसतं म्हटलं, पंखा कंपनी.
जौनपूरचा पोरगा, विशीतला,
मीटर टाकला, एक शब्द विचारला नाही,
बरोबर आणून सोडलं
कापड पातळ आहे तिथं.