समुद्रसपाटी

कॅस्परच्या पश्चिमेला, हजार यार्डांवर
पोलादी ताटली, तिळाएवढी.
मी फोनमध्ये सगळं भरलं:
गोळीचं वजन, नळीतला वेग,
पृथ्वीचं फिरणंसुद्धा.
हवेचा दाब तेवढा बातम्यांतून उचलला.

गोळी ताटलीच्या डोक्यावरून गेली.
दुसरीही.

व्हर्ना टॉलफसननं दुर्बिणीतून डोळा न काढता विचारलं,
"दाब कुठला घातलास?"
आकडा सांगितला.
"हा समुद्रकाठचा, लेका.
बातम्यांत सगळीच गावं किनाऱ्यावर नेऊन ठेवतात.
आपण पाच हजार फुटांवर पालथे पडलोय."

वेंगुर्लं सोडून एकवीस वर्षं झाली,
आणि मी अजून
तिथलीच जड हवा धरून नेम लावतो.

आकडा बदलला.
फोन म्हणाला, अकरा क्लिक खाली.
वाऱ्याचा रकाना व्हर्नानं भरला,
गवताकडे बघून, थोडा कुरकुरत.

आधी ताटली हलली.
मग काहीच नाही.
मग, कुणी दुसऱ्यानंच मारल्यासारखा,
टण्.

रिकामं काडतूस उचलायला हात घातला
तर मातीत शिंपला,
दगड झालेला.

"होता ना इथे समुद्र," व्हर्ना म्हणाली,
"तुला यायला जरा उशीर झाला."