उंचीची पट्टी

ब्लू हेरन. म्हणजे बगळाच, पण पाइनच्या लाकडाचा,
एरी तलावाकाठी शहाण्णव उन्हाळे उभा.
मी त्यात बसलो एकशे एकेचाळीस वेळा.
लिहून ठेवतो. कुणी पक्षी मोजतं, कुणी किल्ले,
आमच्या कळपातले लोक रोलरकोस्टर मोजतात.
आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणायची, पाळणा?
तिच्या लेखी सगळाच पाळणा, बाळाचा काय, जत्रेतला काय.
'पन्नाशी आली, अजून पाळण्यातच का रे?'

पहाटे डुएन पोकॉर्नी रुळांवरून चालत चढायचा,
हातात हातोडी. प्रत्येक बोल्टला एक टोला.
'घट्ट असला तर वाजतो, सैल झाला तर पुटपुटतो.'
एकतीस वर्षं तो पुटपुटणं ऐकत फिरला.
आता सेन्सर ऐकतात. सेन्सरशी माझं भांडण नाही,
औषधांच्या दुकानात मी यंत्राने मोजलेल्याच गोळ्या देतो.
पण सेन्सर कधी खाली उतरून म्हणाला नाही,
'तिसऱ्या डब्यात बस, आज मजा तिकडे आहे.'

मग दोन कंपन्यांचं लग्न लागलं,
वऱ्हाड जेवलं आमच्या खिशातून.
शनिवारचा भाव निराळा, मंगळवारचा निराळा,
ऊन पडलं की तिसराच.
रांग फोनमध्ये शिरली.
वाईट म्हणू नये, पाय दुखायचे.
पण नव्वद सेकंदांसाठी दोन तास उभं राहताना
मला भेटले होते अॅक्रनचे दोन टायर-कामगार,
एक नन, जिने चष्मा माझ्या खिशात सांभाळायला दिला,
आणि जो पुढे माझा मेव्हणा झाला, तो.
फोनमधल्या रांगेत माझ्यापुढे चारशे बारा आहेत,
एकाचीही पाठ दिसत नाही.

जुलैत पारा एकशे एकवर. दुपारी दोनलाच साखळी बंद.
कॅरोसेलचे घोडे लिलावात सुटे सुटे विकले.
त्यातला एक, कान तुटका,
क्लीव्हलंडच्या एका डेंटिस्टकडे उभा आहे.
दाढ काढायला गेलो आणि ओळखला.
पाऊण तास त्याच्यासमोर बसलो.
तो एकदाही वर-खाली झाला नाही.

सप्टेंबरातला शेवटचा रविवार.
तनिष्काला घेऊन गेलो.
प्रवेशाशी लाकडी बगळा, एक पंख आडवा,
अठ्ठेचाळीस इंचांवर.
तीन वर्षं ती त्या पंखाखालून परत फिरली होती.
एकदा बुटात पेपर नॅपकिन कोंबून आली होती.
या वेळी डोकं आणि पंख यांच्यात बोटभर हवा.
गेटवरचा पोरगा सतराचा असेल, छातीवर नाव, ब्रेकन.
त्याने माझ्याकडे पाहिलं, मग मागे. कुणीच नव्हतं.
'आज तसा शेवटचाच दिवस आहे,' तो हळूच म्हणाला.
मीच म्हटलं, नको.
डुएन काय म्हणाला असता, असलं काहीतरी डोक्यात होतं.
तिला ते नीट सांगता येईना.
ती म्हणाली, 'तू जा. मी इथून तुझा आवाज ओळखते.'

एकशे बेचाळीस. तिसरा डबा.
टक टक टक टक, साखळीने ओढत वर नेलं.
माथ्यावरून तलाव दिसला,
आणि रिकाम्या पार्किंगमध्ये
मोजणीवाल्यांच्या खुंट्यांना नारिंगी फिती.
गोदाम होणार म्हणतात. लोक घरी बसून मागवतील
त्या वस्तूंचं.
मग तो क्षणभराचा थांबा,
ज्याच्यासाठी मी बायकोचे दोन वाढदिवस चुकवलेत.
या वेळी ओरडलोच नाही.
'तुझा आवाज आला नाही,' ती खाली म्हणाली.

घरी दाराच्या चौकटीवर पेन्सिलने रेघ ओढली.
मार्चमध्ये तिचं डोकं रेघेला टेकलं.
टाचा जमिनीला चिकटलेल्या आहेत हे तिने
मला वाकायला लावून दाखवलं.
मी वही काढली, तारीख लिहिली.
पुढच्या रकान्यात नाव लिहायचं असतं.