खांब क्रमांक सात

फलाट एकचे खांब खरवडायला घेतले तेव्हा
सोलापूरचा मे होता, त्रेचाळीस अंश,
मल्लेशम कोडमच्या डोक्यावर ओला टॉवेल
होटगीकडची पॅसेंजर येईतो वाळून कडक.

आधी राखाडी निघाला, मग पिवळा,
मग एक हिरवा, जो कुणालाच आठवेना,
शेवटी शेंदरी. त्याच्याखाली लोखंड,
लोखंडावर उठलेली अक्षरं:
ओतणाऱ्याचं अर्धं नाव,
सालातले पहिले दोन आकडे शाबूत,
पुढचे दोन गंजाने खाल्लेले.
"वय लपवूलालंय की बे हे," मल्लेशम खांबाला म्हणाला.

मी टेप घेऊन वर चढले.
छताची कैची एका टोकाला बोल्टांनी घट्ट,
दुसऱ्या टोकाला नुसती टेकवलेली, रोलरवर.
"इकडचे बोल्ट गेलेत!" मी खाली ओरडले.
तो चढून आला. बघितलं. हसला नाही.
पंचवीस वर्षं माग चालवलेला माणूस,
मिलचा भोंगा थांबल्यावर ब्रश धरलेला.
"ताई, ताणा दोन्हीकडनं आवळला तर
दुपारच्याला तुटतो.
हे मुद्दाम सोडलंय."

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी शिकले होते मी हे.
परीक्षेपुरतं.

उतरताना त्याने हातोडीची मूठ खांबावर आपटली.
पोकळ.
छताचं पाणी ह्याच्या पोटातून उतरतं,
जोत्याशी एवढंसं भोक,
करंगळी जाईल न जाईल.
मागच्या कंत्राटात कुणी सगळी बुजवली सिमेंटने:
'गळती बंद करणे, नग चौदा.'
भरले मात्र तेराच. सातव्यापुढे
शेंगाचटणीच्या स्टॉलचं कपाट होतं,
ते हलवायचा कंटाळा आला असेल.

दोन दिवस आम्ही छिन्नी चालवली.
अकराव्या खांबाने
आधी एक खोकल्यासारखा आवाज काढला,
मग पाणी. मे महिन्यात.
विटकरी, कोमट, गेल्या वर्षीचं,
फरशीवरून सावकाश रुळांकडे निघालं.
स्टॉलवरच्या पोराने चपला उचलल्या.
मल्लेशमने बोट बुडवून वास घेतला
आणि टॉवेलाला पुसलं.

संध्याकाळी मोजमाप वहीत लिहिलं:
भोकं मोकळी करणे, नग तेरा.
दरपत्रकात असं काम नाही.
दराचा रकाना
कोराच ठेवून सही केली.